तळं कशानं भरलं? पाणलोटाचा परिणाम मोजायला गेले त्याची गोष्ट

२०२४ च्या सप्टेंबरात गणपती उठले आणि पुढच्याच आठवड्यात फोन आला. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात एका संस्थेनं पाच वर्षं पाणलोटाचं काम केलंय, बांधबंदिस्ती, शेततळी, ठिबक, बायकांचे बचतगट, शेळ्या, आणि आता पैसे देणाऱ्यांना कळायला पाहिजे की ह्यानं लोकांचं नेमकं काय बरं झालं. ‘इम्पॅक्ट असेसमेंट करून द्याल का मॅडम?’ मी सहा वर्षं दुसऱ्यांच्या सर्व्हेत सुपरवायझर म्हणून उन्हातान्हात फिरलेय पण आख्खा अभ्यास माझ्या नावावर हा पहिलाच. हो म्हणून फोन ठेवला आणि मग रात्रभर झोप नाही. शोधलं तर सगळं इंग्रजीत, तेही वर्ल्ड बँकेच्या भाषेत, आणि प्रत्यक्ष गावात गेल्यावर काय काय होतं ते कुणी लिहिलेलंच नाही. म्हणून हे लिहितेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी पैशाचं सांगते कारण सगळे तेच विचारतात आणि कुणी सांगत नाही. एकूण ठरले ४ लाख ६० हजार, ४० टक्के आधी, ४० टक्के डेटा दिल्यावर, २० टक्के रिपोर्ट मंजूर झाल्यावर. ऐकायला बरे वाटतात. त्यात सहा मुलांची मजुरी, प्रत्येकी रोज ७०० आणि पेट्रोल वेगळं, पाटोद्यात दोन खोल्या भाड्यानं, एक जुनी बोलेरो, जेवण, मोबाईलची रिचार्जं, हे सगळं जाऊन मला दहा महिन्यांत जे उरलं ते सांगत नाही, आई वाचते. फक्त एवढं करा की करारात ‘दुसरी फेरी लागल्यास वेगळा खर्च’ अशी ओळ घालून घ्या. मी घातली नव्हती. पुढं येईलच ते.

संस्थेनं मला २०१९ ची बेसलाइन पाठवली. बेसलाइन म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी घरोघर जाऊन घेतलेली माहिती, २०० घरं, त्यातली १६० प्रकल्पाच्या पाच गावांतली आणि ४० शेजारच्या एका गावातली जिथं काम होणार नव्हतं. एक्सेलची फाईल. उघडली आणि डोक्याला हात लावला. एकाच गावाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं हे तर होणारच, पण जमिनीचा कॉलम बघा. कुणाकडं १.२०, कुणाकडं ०.८०, कुणाकडं २.३५. आता आपल्याकडं १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण ४० गुंठ्यांचा एकर. कॉम्प्युटरला ते एक पूर्णांक दोन एकर वाटतं. आणि ०.८० हे कुणीतरी सातबारा बघून टाकलेलं, ते हेक्टर-आर, म्हणजे दोन एकर. एकाच कॉलमात तीन भाषा. एकरी उत्पन्न काढायला गेलं की ह्या एका कॉलमामुळं कुणी रातोरात बागायतदार होतंय आणि कुणी भिकेला लागतंय. मी आणि एक मैत्रीण, आम्ही नऊ दिवस बसून २०० ओळी हातानं तपासल्या, शंका आली तिथं संस्थेच्या गावातल्या कार्यकर्त्याला फोन. तुम्ही फॉर्म बनवाल तेव्हा एकर वेगळा रकाना, गुंठे वेगळा रकाना करा आणि गुंठ्याच्या रकान्यात ३९ च्या वर आकडा घेऊच देऊ नका.

जमिनीवरून आठवलं, मी पुण्यात पिंपळे सौदागरला राहते, आता तिथं नुसते टॉवर आणि मॉल, पण शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन ह्याच गावात घरोघर फिरून शेत, कर्ज, खाणंपिणं सगळं लिहीत होते. त्यांनी काढलं होतं की १७७१ साली गावात सरासरी धारणा ४० एकर होती ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. ते कुठल्या तक्त्यात काय भरत असतील ह्याचा विचार मी पाटोद्याच्या खोलीत डास मारत रोज करायचे.

फाईल साफ झाल्यावर दुसरा दगड लागला, आणि तो सगळ्यात मोठा. बेसलाइन घेतली होती मे २०१९ ला. त्या वर्षाचं आठवतंय ना? आदल्या ऑक्टोबरात सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केलेला, बीड जिल्ह्यात जनावरं छावण्यांत, प्यायला टँकर. मांजरा नदीचा उगम ह्याच पाटोदा तालुक्यात, आणि तिथल्या माणसानं टँकरची वाट बघायची. तर ‘मागच्या वर्षी सोयाबीन किती झाली’ ह्याचं २०१९ च्या मे मधलं उत्तर काय असणार, दोन कट्टे, नाहीतर काहीच नाही. आणि मी जाणार २०२४ च्या पावसानंतर, जो चांगला झालेला. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की उत्पन्न तिपटी-चौपटीनं वाढलेलं दिसणार आणि त्यातलं पावसाचं किती, बांधाचं किती, हे कुणी विचारणार नाही. दुष्काळी सालाशी तुलना केली तर काहीही न करणाराही यशस्वी दिसतो. म्हणून तर ते शेजारचं गाव असतं. दुष्काळ त्यालाही होता, पाऊस त्यालाही पडला. तिथं जेवढा फरक पडला तेवढा आपल्या गावांतल्या फरकातून वजा करायचा, उरेल ते प्रकल्पाच्या नावावर. पुस्तकात ह्याला मोठं नाव आहे, करायचं एवढंच.

पण शेजारच्या गावात पहिल्यांदा गेले तर नाला असा रुंद आणि खोल केलेला, काठावर मातीचे ढीग. विचारलं तर म्हणे दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी पोकलेन लावून खोलीकरण करून दिलं. झालं! तुलनेचं गावच कोरं राहिलं नाही. त्यांनी तरी का थांबावं, माझ्या अभ्यासासाठी? शेवटी आणखी एक गाव घेतलं, ४० घरं वाढवली, त्याची बेसलाइन नाही हे रिपोर्टात पहिल्याच पानावर लिहिलं.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. मला गावांतून घरांची यादी, जमिनीचे आठ-अ चे उतारे आणि एक ओळखपत्र पाहिजे होतं, की बाबा ह्या बाईला सहकार्य करा. तालुक्याच्या एका कचेरीत तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा निवडणूक ट्रेनिंगला, तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, मॅडम आता कुणी गावात वही घेऊन फिरलं की तक्रार होते, २३ तारखेला निकाल लागू द्या. बरोबरच होतं त्यांचं. २० नोव्हेंबरचं मतदान झालं, २३ ला निकाल, २६ ला पत्र मिळालं, ते पण अर्ज परत नव्यानं लिहून, कारण पहिल्यावर आवक नंबरच पडला नव्हता. आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, आणि पोहोच घेतलेल्या कॉपीचा लगेच फोटो काढायचा.

तो महिना फॉर्म कापण्यात गेला. पैसे देणाऱ्यांच्या फॉर्मला ३८ पानं होती. घराला भिंत कसली इथपासून ‘तुम्हाला भविष्याबद्दल किती आशा वाटते, एक ते दहा’ इथपर्यंत. सत्तावीस नोव्हेंबरला एका बाहेरच्या गावात चाचणी घेतली, एका घराला एक तास पन्नास मिनिटं. चाळिसाव्या मिनिटाला काका उठले, ‘म्हशीला पाणी दावून येतो’ म्हणाले आणि आलेच नाहीत. आशेचा प्रश्न एका आजीला विचारला तर त्या म्हणाल्या, ‘धा पैकी किती म्हंजी? गॅसच्या टाकीवाणी?’ काढून टाकला. पंचेचाळीस मिनिटांवर आणला फॉर्म, कोबो नावाच्या सर्व्हेच्या अ‍ॅपवर चढवला, मोबाईलवर ऑफलाइन चालतो आणि फुकट आहे.

टीममध्ये तालुक्याच्या कॉलेजातली तीन मुलं, तीन मुली. मुली पाहिजेतच. त्याचं कारण पहिल्याच आठवड्यात कळलं.

९ डिसेंबरला सुरू केलं. पहिल्या घरी ओट्यावर काका बसले, मी फॉर्म घेतला. इथं एक नियम मी माझ्या आधीच्या मॅडमकडून शिकलेय, ‘वर्षाचं उत्पन्न किती’ हे कधीही विचारायचं नाही. वर्षाचा आकडा कुणाच्याच डोक्यात नसतो. रान विचारायचं, कुठल्या तुकड्यात काय पेरलं, किती पिशव्या बी, किती कट्टे झाले, कुठं दिले, काय भावानं. आकडा आपण नंतर जोडायचा. काका म्हणाले सोयाबीन अठरा क्विंटल, विकली. मी लिहिणार तेवढ्यात आतून चुलीपासून आवाज आला, ‘आन् दुकानदाराला आठ कट्टे गेले ते कुणी द्यायचे, ते धरले का?’ काकांनी मान खाली घातली. कृषी दुकानाची उधारी, खत आणि औषधाची, सुगीला मालातच वळती होते, त्याची पावती नसते आणि काकांच्या हिशोबात ते आलंच नव्हतं, ना उत्पन्नात ना खर्चात. काकूंना मात्र कट्ट्यांचा आकडा पाठ, कारण कट्टे शिवले त्यांनी. त्या दिवसापासून नियम केला, शेतीचे प्रश्न ओट्यावर झाले की मुलींपैकी एकीनं चुलीजवळ जाऊन तेच पाच प्रश्न परत विचारायचे. दोन उत्तरं जुळली नाहीत तर दोघांना समोरासमोर बसवायचं नाही हां, भांडण लागतं, एकदा लागलं. दोन्ही लिहायचे आणि खाली शेरा.

त्या हंगामात सोयाबीनचं विचारणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं. हमीभाव ४,८९२ आणि बाजारात चार हजाराच्या आसपास. सरकारी खरेदीत ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्क्यांवर आणली, तरी कुठं बारदाना संपला, कुठं नंबर लागेना. ‘विकली का?’ ‘दिलीय.’ ‘पैसे?’ ‘यायचेत.’ मग हे उत्पन्न धरायचं का? आम्ही तीन खुणा केल्या, विकून पैसे आले, विकले पण यायचेत, घरात आहे. घरातल्या मालाला कुठला भाव लावायचा ह्यावर माझी आणि संस्थेच्या साहेबांची अर्धा तास वादावादी, त्यांना हमीभाव लावायचा होता, साहजिक आहे, आकडा मोठा दिसतो. मी त्या आठवड्याचा बाजारभाव लावला.

खर्चाचंही तसंच. खिशातून गेला तो खर्च सगळे सांगतात. घरच्या माणसांची मजुरी कुणी सांगत नाही. कृषी मूल्य आयोगाच्या हिशोबात घरची मजुरी धरून वेगळा आणि जमिनीचं भाडं, भांडवलाचं व्याज धरून आणखी वेगळा खर्च निघतो, तो तक्ता मी टीमला समजावत होते तर आमच्यातलीच एक मुलगी म्हणाली, ‘ताई, मग माझ्या आईचे किती होतील?’ तिकडं बाईची खुरपणीची मजुरी तेव्हा २५०-३०० होती. तिनं मोबाईलवर हिशोब केला आणि कुणाला न दाखवता मोबाईल खिशात ठेवला.

लोक काय समजून उत्तर देतात हे ओळखणं हे निम्मं काम. त्या डिसेंबरात फार्मर आयडीची नोंदणी सुरू होत होती, त्यामुळं आधार कार्ड घेऊनच लोक पुढं यायचे. आम्ही त्याचे नाही म्हणलं तर, ‘मग पीक विम्याचे का?’ आणि बायकांचं वेगळंच. लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० चे हप्ते जुलैपासूनचे जमा झालेले आणि जानेवारीत बातम्या सुरू झाल्या की अडीच लाखाच्या वर उत्पन्न असलेल्यांची नावं कापणार, चारचाकी असली तर कापणार. एका गावात सकाळी नऊला ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि दहानंतर आख्ख्या गावात कुणाकडं म्हैस नव्हती. गोठ्यात दोन म्हशी रवंथ करतायत, शेणाचा वास येतोय, आणि मावशी म्हणतात, ‘ती पाव्हण्याची हाय.’ हसू येतं पण त्यांचं काय चुकलं? दोन दिवस काम बंद ठेवलं, बचतगटाच्या बैठकीत बसून फॉर्म सगळ्यांना दाखवला, आधार नाही, बँक खातं नाही, नावाच्या जागी नंबर आहे हे उघडून दाखवलं. मग म्हशी परत आल्या. ज्या एकोणीस घरांचे फॉर्म त्या दिवशी भरले होते ते रद्द करून परत घेतले.

आणि त्याच १,५०० रुपयांमुळं अजून एक घोळ. आमच्या फॉर्मात प्रश्न होता, ‘तुमच्या स्वतःच्या हातात खर्चायला पैसे असतात का?’ २०१९ ला बहुतेकींनी नाही म्हणलेलं, आता बहुतेकी हो. संस्थेला वाटणार बचतगटामुळं. अहो पण खात्यावर महिन्याला पैसे येतायत ते कुणाचे! म्हणून पुढचा प्रश्न जोडला, ‘हे पैसे कुठून?’ शेततळ्यापेक्षा हा एक प्रश्न रिपोर्टात जास्त कामाला आला.

आता कुलपांचं. २०० जुन्या घरांपैकी ५३ घरांना कुलूप. ऊसतोडीला गेलेले. बीडकडचे लोक दिवाळीनंतर निघतात, त्या वर्षी मतदान करून निघाले, कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. २०१९ ची बेसलाइन मे महिन्यातली, तेव्हा सगळे घरी होते, आणि आमचा सर्व्हे डिसेंबरात, हे ठरवताना कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि मी लातूरची, मला तर कळायला पाहिजे होतं. पैसे देणाऱ्यांच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, ‘सिंपल आहे, शेजारचं घर घ्या.’ पण शेजारचं घर म्हणजे कोण? ज्याला कोयता घेऊन जावं लागलं नाही तो. ५३ गेलेली घरं काढून ५३ राहिलेली घातली की गरिबी आपोआप कमी. सरकारच्या २०१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये होतं, त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. म्हणजे ‘शेतकऱ्याच्या’ घरातसुद्धा मजुरीचा पैसा पिकापेक्षा जास्त, आणि मी नेमकी मजुरीवाली घरंच गाळणार?

तेरा मेल झाल्या ह्यावर. दुसऱ्या फेरीला ३८ हजार लागणार होते, करारात ती ओळ नाही, शेवटी त्यांनी २० दिले आणि बाकीचे माझे. राग आला होता, अजूनही थोडा आहे.

जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, टीममधल्या एका मुलाचा फोन आला की ताई जरा रानात या. मोठं शेततळं, ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, काळ्या प्लास्टिकचा कागद अंथरलेला, काठोकाठ भरत आलेलं. जवळपास वीस लाख लिटर पाणी मावतं असल्या तळ्यात. जानेवारी महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि तळ्याच्या कोपऱ्यावरून तीन इंची पाईपमधून पाणी पडतंय धबाधबा, कागदावर पडून त्याचा फडफड आवाज येतोय. बोअरचं पाणी. पावसाचं पाणी साठवायचं म्हणून तळं, आणि त्यात जमिनीखालचं पाणी उपसून साठवायचं, उन्हाळ्यात फळबागेला. आमच्या फॉर्मात ‘शेततळे आहे का’, ‘किती पाणी साठते’, ‘त्यामुळे किती क्षेत्र बागायत झाले’ सगळं होतं. तळं कशानं भरलं हे नव्हतं. त्या मालकाचं उत्पन्न वाढलेलं, खरंच वाढलेलं, माणूस कष्टाळू, आम्हाला डाळिंबं पण दिली. पण बांधाला बांध लागून ज्यांची विहीर होती त्या आबांना विचारलं तर म्हणाले, ‘पयल्यांदा मार्चपतोर पाणी फिरायचं, आता संक्रांतीलाच तळ दिसतोय.’ आबांना प्रकल्पातून काहीच मिळालेलं नव्हतं, म्हणून ते ‘लाभार्थी’ नाहीत, म्हणून यादीत पण नाहीत. त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलो ते फक्त आमच्या पोराला तहान लागली होती आणि तो पाणी मागायला गेला म्हणून.

मग राहिलेल्या सगळ्या तळ्यांवर स्वतः जाऊन बघितलं, आणि प्रत्येक तळ्याच्या आजूबाजूच्या दोन विहिरवाल्यांना विचारलं. सगळी तळी तशी नव्हती, काही खरंच ओढ्याच्या पाण्यानं भरलेली, त्यांच्या शेजाऱ्यांची कुरकुर नव्हती. हे रिपोर्टात वेगळं प्रकरण करून घातलं.

बायकांच्या वेळेचा हिशोब हा मला आवडलेला भाग. त्याला फॉर्म चालत नाही. देवळाच्या सभामंडपात बारा-तेरा जणी बसवल्या, जमिनीवर खडूनं रकाने आखले, स्वयंपाक, पाणी, रान, जनावरं, झोप, बाकी, आणि प्रत्येकीला २४ हरभरे दिले, एक हरभरा म्हणजे एक तास. आधी दुष्काळातला दिवस मांडा, मग आत्ताचा. पहिल्या फेरीत पाण्याच्या रकान्यात तीन-तीन, चार-चार हरभरे. दुसऱ्या फेरीत एक, कुणाचा अर्धा, दातानं तोडून ठेवला एकीनं. सुटलेले हरभरे कुठं गेले तर रानात आणि जनावरांत. पाणी आलं तसा कांदा आला, कांदा आला तशी खुरपणी आली. झोपेचा ढीग जिथल्या तिथं. एका काकूंकडं एक हरभरा कमी भरत होता, मोजून मोजून दमलो, तर शेजारची म्हणाली, ‘खाल्ला तिनं.’ काकू हसल्या, ‘येक तास तरी माझा असूं दे.’ टिप अशी की हरभरे भाजलेले नेऊ नका.

दुसरी फेरी पाडव्यानंतर, २ एप्रिलपासून. त्या वर्षी कारखाने लवकर बंद झाले म्हणून लोक आले होते. ५३ पैकी ४४ घरं सापडली. ऊसतोडीचा हिशोब मांडणं शेतीपेक्षा अवघड, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधी घेतलेली, त्यातून फिटली किती, अंगावर राहिली किती हे मुकादमाच्या वहीत. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली होती, त्यामुळं ह्या घरांचंही उत्पन्न वाढलेलं दिसलं, आणि त्याचा पाणलोटाशी काही संबंध नाही. ह्यांच्यातल्या बऱ्याच जणांना बांधाचा फायदा झाला होता, ज्वारी-बाजरी घरची होत होती, पण जाणं थांबलं ते थोड्याच घरांचं. ‘सहा महिने जायचो, आता चार महिने जातो’ असं सांगणारे मात्र भेटले. फॉर्मात ‘स्थलांतर: हो / नाही’ एवढंच होतं. महिने विचारा. चारचे सहा आणि सहाचे चार होण्यात लेकरांची शाळा असते.

एवढ्यासाठी सोलापुरात शिरापूर, कलमण आणि अकोल्याकडं कंझरा इथं इक्रिसॅट ह्या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेनं १९७५ पासून केलं ते भारी वाटतं, माणूस गावातच राहायला, दर काही आठवड्यांनी त्याच घरांत जायचं. आपण पाच वर्षांनी एकदा जातो आणि म्हणतो, आठवा बरं.

मे मध्ये आकडे गावात वाचून दाखवायचे ठरवलं होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं, बजेटमध्येही नव्हतं, पण मी करते. पाच गावांत पाच बैठका, आणि तो मे सगळ्यांना आठवत असेल, कसला पाऊस! दोन बैठका वाहून गेल्या, एक शाळेच्या व्हरांड्यात पत्र्यावरच्या आवाजात ओरडून घेतली. शेततळ्याचं प्रकरण वाचलं तेव्हा ते डाळिंबवाले बसले होते. मी नाव घेतलं नव्हतं, गावाला नाव लागत नाही. ते म्हणाले, ‘मॅडम, बोअर माझं, कागद माझा, लाईटबिल माझं.’ आबा काही बोलले नाहीत. सरपंच म्हणाले, पुढचा विषय घ्या.

रिपोर्ट १६ जूनला दिला. १८ दिवसांनी शेरे आले, एकूण ६२, त्यातले चाळीसेक लोगोचा रंग आणि फोटोंबद्दल. एक शेरा असा की ‘नकारात्मक बाबी परिशिष्टात हलवता येतील का’. मी शेततळ्याचं प्रकरण जागेवर ठेवलं, भाषा मवाळ केली, दोन ठिकाणी ‘आढळले’ चं ‘दिसून येते’ केलं. तेवढी तडजोड केली हे पण लिहून ठेवते. एका आकड्यात सांगा असं सारखं म्हणत होते, तो दिला, पण त्याच्या खाली चार ओळींची टीप, कुठल्या सालाशी तुलना, किती घरं सापडली नाहीत, तुलनेच्या गावात काय झालं. त्यांच्या ब्रोशरमध्ये आकडा आला. टीप नाही आली.

शेवटचा हप्ता २२ ऑगस्टला आला, टीडीएस कापून. इन्व्हॉइसवर पॅन बरोबर होता तरी एकदा परत आलं होतं, कारण त्यावर तारीख जूनची होती आणि त्यांना जुलैची पाहिजे होती.

आमच्या टीममधली ती मुलगी, आईचा हिशोब केलेली, तिनं जाताना माझ्याकडून गाठी मारलेला दोर मागून घेतला होता. आबांची आणि आणखी तीन विहिरींची पाणीपातळी, म्हणजे काठापासून पाणी किती खाली ते, ती दर महिन्याच्या एक तारखेला मोजते, हातांत, दोराला दगड बांधून. सप्टेंबरच्या एक तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो आला. आबा: ४ हात. खाली लिहिलं होतं, ‘ताई काठोकाठ हाय, पण लिहून ठेवलंय.’